सहा तलवारी आणि हजार अनामिक शिपाई : ‘सेनगोकू बासारा’ समजून घेताना



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटेल, की साहेबांचं वय झालं, आता कार्टूनवर बोलायला लागले. वाटू द्या. या मालिकेत आपण आजवर लढाया, सेनापती, किल्ले यांच्यावर बोललो. आज एका व्हिडिओ गेमवर आणि त्यावरून निघालेल्या ॲनिमेवर बोलायचं आहे. नाव आहे ‘सेनगोकू बासारा’.

माझ्यापर्यंत हा विषय नातवामुळे आला. तो बारा वर्षांचा, राहतो हैदराबादला. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे महूला आला, तो जावयांचं जुनं प्लेस्टेशन थ्री पिशवीत घालूनच. दुपारी मी पेपर वाचत होतो आणि समोर टीव्हीवर हा कार्यक्रम चालू. निळा अंगरखा घातलेला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला एक तरुण. दोन्ही हातांत मिळून सहा तलवारी. एका हाताच्या बोटांत तीन, दुसऱ्या हाताच्या बोटांत तीन, वाघनखं धरावीत तशा. तो एकदा गिरकी घेतो आणि वीसपंचवीस शिपाई आकाशात उडतात. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत जातो. दोनशे, चारशे, हजार. मी म्हटलं, “अरे, हे काय चाललंय?” तो म्हणाला, “आजोबा, हा दाते मासामुने. हा खराच होऊन गेलाय जपानमध्ये.”

मी चष्मा काढून ठेवला. कारण दाते मासामुने मला माहीत होता. नोकरीत असताना युद्धशास्त्राच्या वाचनात जपानचा तो कालखंड आला होता. पण तो माणूस आणि हा माणूस एकच, हे काही केल्या पटेना.

त्यानंतर नातवानं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू.

गेम काय आहे?

‘सेनगोकू बासारा’ हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा गेम. पहिला भाग जुलै 2005 मध्ये प्लेस्टेशन टूवर आला. निर्माते हिरोयुकी कोबायाशी. दुसरा भाग 2006 मध्ये, तिसरा 2010 मध्ये, चौथा 2014 मध्ये. मधे मधे उपभाग, पीएसपीवरचे भाग, दोन पात्रांच्या आमनेसामने लढतींचा एक भाग. 2016 मध्ये सानादा युकिमुरा या एकाच वीराच्या आयुष्यावरचा स्वतंत्र गेम आला. एवढ्यावर थांबलं नाही. रंगमंचावर नाटकं झाली, टीव्ही मालिका झाली, आणि सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात अशी जपानची प्रसिद्ध ताकाराझुका नाटकमंडळी आहे, तिनंही 2013 मध्ये हा विषय रंगमंचावर आणला.

खेळाची रीत सोपी आहे. तुम्ही एक सेनापती निवडायचा. समोर शेकडो, हजारो शत्रू. बटणं दाबत सुटायचं. लढता लढता एक पट्टी भरत जाते. ती भरली, की एक महाभयंकर वार करता येतो. कोणाच्या तलवारीतून वीज निघते, कोणाच्या भाल्यातून आग, कोणाच्या पात्यातून बर्फ. ‘एक विरुद्ध हजार’ अशा पद्धतीचे गेम जपानमध्ये आधीपासून होते. याच काळावरचा दुसऱ्या कंपनीचा गेम 2004 मध्येच आला होता. बासाराचं वेगळेपण एकच. त्यानं अतिशयोक्तीला लगामच घातला नाही.

नमुन्याला होंदा तादाकात्सू घ्या. हा तोकुगावा इएयासूचा खराखुरा सरदार. सत्तावन्न लढाया लढला आणि अंगावर एकही जखम नाही, अशी त्याची ख्याती. हरणाच्या शिंगांचं शिरस्त्राण घालायचा. आता एवढ्या लढायांत ज्याला खरचटलंही नाही तो माणूस कसा असेल? गेमवाल्यांनी ठरवलं, तो यंत्रमानव असेल! बासारातला तादाकात्सू लोखंडी राक्षस आहे. बोलत नाही, नुसता यंत्रासारखा घरघरतो आणि पाठीवरच्या इंजिनांवर आकाशात उडतो.

हसू आलं ना? मलाही आलं. पण यात एक पद्धत आहे. जे अफाट दाखवलंय त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा इतिहासातली किंवा दंतकथेतली एक खरी काडी सापडते. ती काडी पेटवून त्यांनी वणवा केला आहे, एवढंच.

‘बासारा’ म्हणजे काय?

हा शब्द आपल्या घरचा निघाला, आणि तिथं मी चकित झालो. ‘सेनगोकू’ म्हणजे आपसात झुंजणाऱ्या राज्यांचा काळ. आणि ‘बासारा’ची व्युत्पत्ती सांगितली जाते ती संस्कृत ‘वज्र’ या शब्दावरून. बौद्ध धर्माबरोबर वज्र चीनमार्गे जपानला गेलं आणि उच्चार बदलत बदलत बासारा झालं.

अर्थही बदलला. चौदाव्या शतकात जपानमध्ये काही सरदार भडक कपडे घालून, जुने रीतिरिवाज पायदळी तुडवत, उधळपट्टी करत फिरू लागले. त्यांच्या या वागण्याला लोक बासारा म्हणू लागले. सासाकी दोयो हा त्यांतला नामांकित. प्रकार इतका वाढला, की 1336 मध्ये नव्या राजवटीनं जी नियमावली काढली, तिच्या सुरुवातीलाच या उधळेपणाला आवर घालायला सांगितलं. वज्र जसं सगळं फोडून टाकतं, तसे हे लोक सगळे संकेत फोडायचे. तेव्हा गेमचं नाव उगाच ठेवलेलं नाही. हा भडकपणा आम्ही जाणूनबुजून करतो आहोत, अशी ती पाटीच आहे.

वज्राची आठवण ठेवा. शेवटी परत येऊ.

खरा काळ कसा होता?

1467 मध्ये क्योतो शहरात वारसाहक्कावरून ओनिन युद्ध पेटलं. दहा वर्षं चाललं. राजधानीची राखरांगोळी झाली, केंद्राची सत्ता नावापुरती उरली आणि प्रांतोप्रांतीचे सरदार एकमेकांवर तुटून पडले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हेच. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज माणसांबरोबर बंदूक आली आणि लढाईची रीत बदलली. ओदा नोबुनागानं एकीकरण सुरू केलं. 1582 मध्ये होन्नो-जी मंदिरात त्याच्याच सरदारानं, आकेची मित्सुहिदेनं, त्याला घेरलं आणि त्याचा शेवट झाला. ते काम तोयोतोमी हिदेयोशीनं 1590 मध्ये पुरं केलं. हिदेयोशी गेल्यावर 1600 मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून दीड लाखाच्या आसपास माणूस, सकाळी धुकं, आणि ऐन लढाईत एका सरदारानं बाजू बदलली. निकाल एका दिवसात. तोकुगावा इएयासू जिंकला. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतर जपाननं अडीचशे वर्षं शांतता पाहिली.

हे एवढं ध्यानात ठेवलं, की गेमनं काय केलंय ते कळतं. गेमनं दीडशे वर्षांचा हा पट एका पातेल्यात ओतून ढवळला आहे.

कथेचा कणा म्हणजे दाते मासामुने आणि सानादा युकिमुरा यांची चुरस. एक निळा, एक लाल. एकाची वीज, एकाची आग. युकिमुरा हा ताकेदा शिंगेनचा निस्सीम भक्त. तो “ओयाकाता-सामा!” म्हणजे “धनीसाहेब!” अशी आरोळी ठोकतो, धनी “युकिमुरा!” म्हणून ओरडतो, मग दोघं एकमेकांना ठोसे मारतात आणि भिंती फोडून बाहेर पडतात. हे गुरुशिष्याचं प्रेम!

आता खरा हिशोब. शिंगेन वारला 1573 मध्ये. मासामुनेचा जन्म 1567 चा. युकिमुराचाही साधारण तोच धरतात. म्हणजे धनी गेले तेव्हा हे दोन्ही वीर सहा वर्षांचे होते. ‘युकिमुरा’ हे नावसुद्धा त्याच्या हयातीतलं नाही. त्याचं खरं नाव नोबुशिगे. युकिमुरा हे नाव त्याच्या मृत्यूनंतरच्या युद्धकथांनी रूढ केलं. त्याच्याबरोबर फिरणारा निंजा सारुतोबी सासुके तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वस्त गोष्टींच्या पुस्तकांतून घराघरांत पोचलेला.

म्हणजे बघा, गेमवाल्यांनी इतिहास बिघडवला असं म्हणावं, तर तो काही पहिल्यांदा त्यांनी बिघडवलेला नाही. तीनशे-चारशे वर्षं कथेकरी आणि नाटकवाले हेच करत आले. आपल्याकडे कोकणात दशावतार पाहिलेल्यांना हा मामला लगेच कळेल. संकासुर येतो तेव्हा तो खरा कसा दिसत असेल असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो कसा नाचतो ते बघायचं.

काड्या आणि वणवे

आता काही पात्रं घेऊ. इथं थोडं रेंगाळू, कारण खरी गंमत इथंच आहे.

पहिला मासामुने. लहानपणी देवीच्या आजारात उजवा डोळा गेला. निकामी डोळा त्याचा विश्वासू काताकुरा कोजूरो यानं काढला, अशी आख्यायिका. आपल्या चित्रात मात्र दोन्ही डोळे काढा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणतात. शिरस्त्राणावर मोठी चंद्रकोर. 1590 मध्ये हिदेयोशीनं ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा मासामुने त्याच्यापुढे हजर व्हायला उशिरा पोचला. उशिराची शिक्षा मृत्यूही असू शकली असती. हा पठ्ठ्या मेलेल्या माणसाला घालतात तसा पांढरा वेष घालूनच समोर गेला, असं सांगतात. मरायला तयार होऊन आलोय, आता काय करायचं ते करा! हिदेयोशीनं त्याला सोडलं. जपानीत छानछोकी माणसाला ‘दाते’ म्हणतात, आणि लोकसमजूत अशी, की हा शब्द याच घराण्याच्या झगमगाटावरून आला. म्हणजे मासामुनेला भडक दाखवण्यात गेमनं फारसं खोटं केलेलं नाही.

गेममध्ये तो मधेच मोडकंतोडकं इंग्रजी फेकतो. ‘लेट्स पार्टी’ म्हणत शत्रूवर तुटून पडतो. ॲनिमेत त्याच्या घोड्याला मोटरसायकलचं हँडल आणि सायलेन्सरच्या नळ्या आहेत, आणि हा हाताची घडी घालून वर बसलेला! याच्याही मुळाशी एक काडी असावी, असं मला वाटतं. खऱ्या मासामुनेला परदेशांचं कुतूहल होतं. 1613 मध्ये त्यानं जहाज बांधून हासेकुरा त्सुनेनागा या आपल्या माणसाला मेक्सिकोमार्गे युरोपला वकील म्हणून धाडलं होतं.

दुसरी जोडी ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन. कावानाकाजिमाच्या मैदानात दोघं पाच वेळा भिडले. सर्वांत रक्तरंजित लढाई 1561 ची. केनशिन एकटा घोडा घालून शिंगेनच्या तळात शिरला, त्यानं वार केला आणि शिंगेननं तो हातातल्या लोखंडी पंख्यावर झेलला, अशी कथा आहे. त्या जागी आज दोघांचा पुतळा आहे. शिंगेनच्या निशाणावर वारा, वन, अग्नी, पर्वत अशी चार तत्त्वं. ती सुन त्झूच्या युद्धशास्त्रातून घेतलेली. केनशिनच्या निशाणावर एकच अक्षर, ‘बि’. म्हणजे बिशामोन. आणि बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर! बौद्ध परंपरेत तो उत्तर दिशेचा रक्षक योद्धा झाला आणि जपानच्या एका सेनापतीचं आराध्य दैवत बनला.

तिसरा ओदा नोबुनागा. गेममध्ये तो सरळ सरळ सैतान आहे. त्याला ‘सहाव्या स्वर्गाचा मारराजा’ म्हणतात. हा मार म्हणजे बोधिवृक्षाखाली बुद्धांना मोहात पाडायला आलेला तोच. ही पदवीसुद्धा गेमवाल्यांनी शोधलेली नाही. शिंगेनला लिहिलेल्या पत्राखाली नोबुनागानं अशी सही केली होती, असं लुईश फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्यानं 1573 च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. हे फ्रोइश महाशय जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात होते.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. गेममध्ये ‘झाबी’ नावाचा एक विनोदी पाद्री आहे. धिप्पाड, हातात तोफ, तोंडात प्रेमाची भाषा आणि स्वतःच्याच नावाचा पंथ काढून बसलेला. हे विडंबन सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं. खरे झेवियर 1542 मध्ये गोव्याला आले, 1549 मध्ये जपानमधल्या कागोशिमाला उतरले आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचं पार्थिव आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेत आहे. लाखो लोक श्रद्धेनं दर्शनाला जातात. गोव्यातल्या माणसाला हे पात्र बघून काय वाटेल? मला विचाराल तर ही थट्टा थोडी जास्त झाली. स्वतःच्या पूर्वजाची थट्टा करणं वेगळं, दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची करणं वेगळं. पण हेही खरं, की या गेमनं कोणालाच सोडलेलं नाही.

ॲनिमे

एप्रिल 2009 मध्ये यावरची ॲनिमे मालिका सुरू झाली. प्रॉडक्शन आय.जी. हा नामांकित स्टुडिओ, दिग्दर्शक इत्सुरो कावासाकी, संगीत हिरोयुकी सावानो यांचं. दुसरं पर्व 2010 मध्ये, 2011 मध्ये सेकिगाहारावरचा चित्रपट. 2014 मध्ये वेगळ्या स्टुडिओनं आणखी एक मालिका केली.

गेमवरून केलेल्या मालिका बहुतेक वेळा फसतात. कारण गेममध्ये आपण स्वतः बटण दाबतो, त्यातली मजा नुसतं बघण्यात उरत नाही. इथं ती उरली, आणि त्याचं कारण मला असं दिसतं, की करणाऱ्यांनी विनोद विनोदासारखा केला नाही. पात्रं पूर्ण गांभीर्यानं वागतात. घोड्याला हँडल आहे याचं त्या जगात कोणाला नवल नाही. आणि अधूनमधून असा एक प्रसंग येतो, की माझ्यासारखा जुना शिपाई सरळ बसतो.

पहिल्या पर्वातला एक प्रसंग सांगतो. मासामुने जखमी होऊन पडलेला आहे. मात्सुनागा हिसाहिदे नावाचा खलनायक त्याच्या काही साध्या शिपायांना ओलीस धरतो आणि बदल्यात त्याच्या सहा तलवारी मागतो. मासामुने पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत उठून निघतो. सहा तलवारींपेक्षा, सबंध मोहिमेपेक्षा त्याला ती चार पोरं महत्त्वाची. कोजूरो वाट अडवतो. ऐकत नाही म्हटल्यावर आपल्याच धन्याशी लढून त्याला थांबवतो, आणि मग त्या पोरांना सोडवायला स्वतः जातो.

मंडळी, हे मी पाहिलेलं आहे. घोड्याचं हँडल सोडा, हे मात्र अगदी खरं. कंपनी कमांडरला वाटतं, माझी माणसं अडकली आहेत, मीच जाणार. आणि एखादा पोक्त सुभेदार समोर उभा राहून शांतपणे सांगतो, “साब, आप यहीं रहिए. मैं देखता हूँ.” त्या वेळी राग येतो. वर्षांनी कळतं, की तो बरोबर होता. एवढ्या नाटकी मालिकेत हे नातं इतकं अचूक कसं उतरलं, याचं मला नवल वाटलं.

नावं काढली तेव्हा काय झालं

पहिला गेम 2005 मध्येच अमेरिकेत गेला, ‘डेव्हिल किंग्ज’ या नावानं. तिथल्या लोकांना जपानचा इतिहास काय कळणार, म्हणून नावंच बदलली. मासामुनेचा ‘अझूर ड्रॅगन’ झाला, युकिमुराचा ‘स्कॉर्पिओ’. इतिहास काढला आणि नुसती हाणामारी ठेवली. तो फारसा चालला नाही. 2010 मध्ये तिसरा भाग बाहेर पाठवताना मूळ नावं आणि मूळ भूमी तशीच ठेवली.

यातला धडा आपल्यालाही उपयोगी आहे. अतिशयोक्ती गंमत देते ती कशाच्या तरी संदर्भात. तादाकात्सूला कधी जखम झाली नाही हे माहीत असेल, तर तो यंत्रमानव हा विनोद. माहीत नसेल, तर तो नुसता यंत्रमानव.

उलट जपानमध्ये काय झालं बघा. हे गेम आणि ही मालिका पाहून पुष्कळ तरुण मुली या इतिहासाच्या नादी लागल्या. त्यांना ‘रेकिजो’, म्हणजे इतिहासवेड्या मुली, असं नावच पडलं. शिरोइशी हा कोजूरोच्या घराण्याचा किल्ला. तिथं या मुली थव्यानं जाऊ लागल्या. मासामुनेच्या मियागी प्रांतात 2009 मध्ये राज्यपालपदाची निवडणूक होती, जपानमध्ये ते पद मतदानानं भरतात. मतदान करा असं सांगणाऱ्या सरकारी भित्तिपत्रकावर बासारातला मासामुने छापला गेला. ज्याची थट्टा केली, त्याच्याच गावानं ती थट्टा मांडीवर घेतली.

आपल्याकडे असं चालेल का, असा प्रश्न मनात येतोच. माझं उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असं आहे, आणि त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आपले इतिहासपुरुष आपल्यासाठी अजून देव्हाऱ्याजवळ आहेत. पण त्या मुली किल्ल्यावर गेल्या, थडगी शोधली, पुस्तकं उघडली, ही गोष्ट विसरता येत नाही. आपली मुलं आपल्या किल्ल्यांवर कशामुळे जातील, याचा विचार आपण करायला हवा.

माझी एक तक्रार

आता तक्रार. ती भडकपणाबद्दल नाही.

पडद्यावर जे हजार शिपाई उडतात, त्यांना चेहरा नाही. खऱ्या सेनगोकू काळात लढाया कोणाच्या जोरावर झाल्या? आशिगारूंच्या. म्हणजे हलकं पायदळ, बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. 1575 मध्ये नागाशिनो इथं ताकेदांच्या नावाजलेल्या फौजेला कोणी रोखलं? लाकडी कुंपणामागे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या याच माणसांनी. त्या दिवशी तीन हजार बंदुका होत्या, आळीपाळीनं बार उडत होते, अशी पारंपरिक गोष्ट आहे. अभ्यासकांना त्या आकड्याची आणि आळीपाळीची शंका आहे. पण बंदूकवाल्या पायदळानं दिवस मारला, यात शंका नाही. आणि ओदावारा पडलं ते कोणाच्या सहा तलवारींनी नाही. तीन महिने वेढा घालून बसलेल्या प्रचंड फौजेला हिदेयोशीनं रोज जेवू घातलं, म्हणून पडलं. युद्ध म्हणजे रसद, पायपीट, पाऊस आणि वाट बघणं. हे गेममध्ये दाखवता येणार नाही, मला मान्य आहे. रसदीचा हिशोब करायला कोण प्लेस्टेशन घेईल?

पण नातवाचा तो प्रश्न इथूनच आला. त्याचा आकडा हजारावर गेला, त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि अगदी निरागसपणे विचारलं, “आजोबा, तुमचा किती झाला होता?”

मी उठून बागेत पाणी घालायला गेलो.

मित्रहो, नव्वदच्या दशकात मी काश्मीरमध्ये कंपनी कमांडर होतो. मला एकच आकडा पाठ आहे. माझ्या हाताखालची किती पोरं परत आली नाहीत, तो. जवान गेला, की त्याच्या ट्रंकेतल्या वस्तूंची यादी करावी लागते आणि ती घरी पाठवायची असते. एकाच्या ट्रंकेत केसांना लावायच्या तेलाची अर्धी बाटली, बहिणीनं पाठवलेली राखी आणि निम्मं लिहिलेलं अंतर्देशीय पत्र निघालं. त्या यादीखाली माझी सही आहे. पडद्यावर शिपाई उडतात तेव्हा मला त्या ट्रंका दिसतात. हा माझा दोष समजा, गेमचा नाही.

वज्र

संध्याकाळी मी नातवाला जवळ बसवलं. म्हटलं, तुला बासाराचा अर्थ सांगतो. वज्र. आपल्या परमवीर चक्रावर इंद्राची चार वज्रं कोरलेली आहेत. ते पदक कोणी आखलं? सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्मानं युरोपातल्या, लग्न करून मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात आलेल्या. पुराणात वज्र झालं ते दधीची ऋषींच्या अस्थींपासून. त्यांनी ती स्वतःहून दिली. जपानमध्ये जाऊन या शब्दाला मिरवण्याचा अर्थ आला. आपल्या पदकावर त्याचा अर्थ देण्याचा आहे. आणि ते पदक मिळालेल्यांत नुसते सेनापती नाहीत. नायक जदुनाथ सिंग आहेत, लान्स नायक अल्बर्ट एक्का आहेत, क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद आहेत. तुझ्या गेमच्या भाषेत सांगायचं, तर ज्यांना चेहरा नसतो त्यांच्यातले.

मग त्याला खरी गोष्ट सांगितली. 1615 मध्ये ओसाकाच्या शेवटच्या मोहिमेत दोम्योजी इथं दातेंची आणि युकिमुराची फौज खरोखरच समोरासमोर आली. दातेंच्या आघाडीला कोजूरोचा मुलगा शिगेनागा होता. दुसऱ्या दिवशी तेन्नोजीच्या लढाईत युकिमुरा पडला. आणि त्याची लेकरं? त्याच्या एका मुलीला या शिगेनागानंच आसरा दिला, पुढे ती त्याची बायको झाली. लहान मुलगा काताकुरांच्या आडनावाखाली वाढला. जिंकणाऱ्या तोकुगावांची नजर चुकवून शत्रूचं रक्त आपल्या घरात सांभाळणं हा केवढा धोका होता, विचार करा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे गेममध्ये का नाही?” मी म्हटलं, “बटण दाबून करता येत नाही म्हणून.”

दुसऱ्या दिवशी त्यानं परत गेम लावला. लावू दे. मीही शेजारी बसलो आणि मासामुने घेऊन खेळलो. आकडा त्रेचाळीसवर असताना मेलो. नातू हसून लोळला.

तुमच्या घरात कोणी हा गेम खेळत असेल किंवा ही मालिका बघत असेल, तर ओरडू नका. शेजारी बसा. यातला खरा माणूस कोण, तो कसा होता, हे त्यालाच विचारा. त्याला माहीत नसेल, तर दोघं मिळून शोधा. आणि जमलं, तर उडणाऱ्या एखाद्या शिपायाकडे बोट दाखवून विचारा, याचं नाव काय असेल रे?

पुन्हा भेटू. जय हिंद.